गाजर गवत, मेक्सिकोचा भुंगा आणि कारळ्याचे शेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या गायरानात आणि रस्त्याच्या कडेला माजलेले गाजर गवत हटवण्यासाठी मेक्सिकोतले भुंगे सोडावेत, असे कृषी सहायकांनी सुचवले आहे. पण हे गवत मुळात बाहेरूनच आले असताना त्याच्यासाठी आणखी एक किडा बाहेरून आणणे म्हणजे उंदीर मारायला घरात साप सोडण्यासारखे नाही का, तो उद्या सूर्यफुलावर बसला तर जबाबदार कोण, आणि दुसऱ्या देशाला आपले तण मारण्यात इतका रस का असावा, असे आपण विचारले आहे. तणांच्या जैविक नियंत्रणाच्या कामात माझी तीस वर्षे गेली. पहिल्या दोन शंका मला वर्षातून चार वेळा तरी ऐकायला मिळत, तिसरी मात्र फारच थोडे लोक विचारत. उत्तराचा मोठा भाग त्या तिसऱ्या शंकेत असल्यामुळे मी जरा विस्ताराने लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. आपल्याला सुचवलेला भुंगा आता मेक्सिकोतून येणार नाही, तो शेजारच्या तालुक्यातूनच येईल. झायगोग्रामा बायकोलोराटा हे त्याचे शास्त्रीय नाव. १९८३ मध्ये तो मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला, तपासण्यांनंतर १९८४ मध्ये शेतात सोडला गेला आणि गेल्या चार दशकांत देशाच्या बहुतेक भागांत स्थिरावला. मृग बरसून पंधरा दिवस झाले की गाजर गवताच्या शेंड्यावरचे पान उलटून पाहा. साबुदाण्याहून लहान, पिवळसर, लांबट अंडी पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली दिसली, किंवा मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, तुरीच्या दाण्याएवढा भुंगा दिसला, तर तो आपल्या शिवारात आधीच आलेला आहे असे समजावे. तेव्हा आपल्यापुरता प्रश्न ‘आणावा का’ असा न राहता ‘आहे त्याला वाढू द्यावे का’ एवढाच उरतो. पण त्याला आणायचे ठरले तेव्हा काय काय पाहिले गेले, हे समजून घेण्याचा आपला हक्क आहेच.

गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्याची आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. राव यांना ते १९५५ साली तेथे आढळले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्यमदत योजनेतल्या गव्हाबरोबर हे बी आले, असे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. पण त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, म्हणजे पुण्यातली नोंद त्याच्या आधीची ठरते. शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या बागांच्या याद्यांत आणि जुन्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, या वनस्पतीचा मागमूस मिळतो. आयात धान्यामुळे तिचा प्रसार वाढला असणे अगदी शक्य आहे, परंतु सगळे पाप त्या एका गव्हाच्या माथी मारणे मला कधी पटले नाही. पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांमुळे तिला काँग्रेस गवत म्हणू लागले, हेही तितकेच लोकप्रिय आणि तितकेच सैल स्पष्टीकरण आहे.

तिचे माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशात. तेथे ती रस्त्याकडेला उगवते, गुरांच्या गोठ्यामागे उगवते, पण गायरानेच्या गायराने गिळत नाही, कारण तेथे तिचे पान खाणारे, खोडात शिरणारे, मुळे कुरतडणारे आणि बी पोखरणारे कीटक तिच्याबरोबरच नांदतात आणि पानांवर तांबेरा हा बुरशीचा रोगही येतो. इकडे बी आले, शत्रू तिकडेच राहिले. एक झाड हजारो बिया टाकते, त्या बिया जमिनीत काही वर्षे जिवंत राहतात, आणि पानांतल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे जनावर सहसा तोंड लावत नाही. माणसाच्या हाताला आणि मानेला खाज सुटून त्वचा जाड, काळपट होते ती वेगळीच. तणनाशकाने शेत साफ होते, पण रेल्वेचा रूळ, कालव्याचा काठ आणि सरकारी पडीक जमीन दरवर्षी फवारण्याइतका पैसा कोणत्याही देशाकडे नाही. म्हणून मागे राहिलेल्या शत्रूंचा शोध सुरू झाला.

हा शोध आपण सुरू केला नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात याच तणाने गुरांची कुरणे व्यापली होती, आणि तेथील शासनाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोतील मॉन्टेरे येथे संशोधन केंद्रच थाटले. त्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतली झाडे झटकली, खोडे चिरली, फुले पिशवीत बांधून ठेवून त्यांतून काय बाहेर येते ते पाहिले. त्या मेहनतीतून क्वीन्सलँडमध्ये एकूण नऊ कीटक आणि दोन तांबेरे सोडले गेले. तांबेऱ्यांची तपासणी इंग्लंडमध्ये झाली. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते, पण त्यामागे सरळ हिशेब आहे. बुरशीचे कण कितीही सांभाळले तरी एखादा निसटू शकतो, आणि ज्या देशात गाजर गवत उगवतच नाही तेथे निसटलेल्या कणाला जगायला जागाच मिळत नाही.

आपल्याकडे बंगळूरला जेव्हा या कीटकांपैकी काही मागवले गेले, तेव्हा मेक्सिकोत काय शोधायचे, कोणत्या महिन्यात शोधायचे आणि प्रयोगशाळेत ते कसे जगवायचे, ही माहिती बऱ्याच अंशी तयार होती. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे करारावर सह्या करणारे मंत्री येतात. माझ्या डोळ्यांपुढे येते ती एका अनोळखी देशातल्या संशोधकाने वहीत लिहिलेली साधी सूचना: अळ्यांच्या डब्यात पान रोज बदला, तळाला ओलसर वाळू ठेवा, नाहीतर कोष मरतात. त्या एका ओळीने आमचे सहा महिने वाचवले असतील.

परदेशातून कीटक येतो म्हणजे नेमके काय होते, ते आता सांगते. परवानगी आधी लागते, आणि ती केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांकडून मिळते. त्यामागे अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली १९९६ मध्ये तयार झालेली आणि २००५ मध्ये सुधारलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. खोके विमानतळावरून थेट विलगीकरण कक्षात जाते. तेथे दोन दारे असतात आणि दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत. मधल्या अंधाऱ्या बोळकांडीत एकच दिवा असतो, म्हणजे एखादा किडा निसटलाच तर तो दिव्याकडे जाईल आणि सापडेल. हातमोजे घालून खोके काचेच्या पेटीत उघडायचे, आतला मलमलीचा दुपदरी कपडा कापायचा, आणि जिवंत भुंगे मोजायच्या आधी मेलेले मोजायचे. मेलेला भुंगा पुष्कळ सांगतो, कारण त्याच्या पोटातून कधी कधी सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी बाहेर पडते. ती त्या भुंग्याच्या मायदेशातली शत्रू, आणि तिला आत येऊ दिले तर आपण आणलेला रक्षक जन्मतःच आजारी निघणार. म्हणून आलेले पहिले भुंगे कधीच बाहेर सोडले जात नाहीत. त्यांनी घातलेल्या अंड्यांपासून निघालेली, एक एक करून तपासलेली पिढीच पुढे वापरली जाते. बाकी सगळे, म्हणजे खोके, कापड, सोबत आलेली वाळकी पाने, त्याच संध्याकाळी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून जाळले जाते. एकदा आमच्या नव्या सहकाऱ्याने त्या खोक्यावरचे सुंदर मेक्सिकन तिकीट मुलासाठी काढून ठेवले होते. मी ते त्याच्या खिशातून काढून भट्टीत टाकले. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे सूर्यफूल. एखादा कीटक दुसऱ्या पिकावर जाईल की नाही हे ठरवण्याची रीत वॉपशीअर या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मांडली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे. तणाच्या जवळच्या नातलगांपासून सुरुवात करायची आणि हळूहळू दूरच्या वनस्पतींकडे जायचे. गाजर गवत हे सूर्यफुलाच्या कुळातले, त्यामुळे सूर्यफूल, करडई, कारळे, झेंडू, शेवंती ही सगळी भावंडे यादीत अग्रभागी येतात, आणि त्यानंतर कापूस, तूर, भाजीपाला अशी दूरची मंडळी. चाचणी दोन प्रकारची असते. पहिलीत भुंग्याला गाजर गवत आणि पीक दोन्ही देऊन तो कुठे जातो ते पाहतात. दुसरी कठोर असते. तिच्यात त्याला फक्त पीकच दिले जाते, आणि तो उपाशी मरतो की जगण्यासाठी ते खाऊ लागतो, खाल्ले तर अंडी घालतो का, अंड्यातून निघालेली अळी त्या पानावर भुंगा होईपर्यंत वाढते का, हे दिवसेंदिवस नोंदवले जाते. ज्या पिकावर जीवनचक्र पूर्ण होते, तो धोका. नुसते एखादे भोक पाडून मरण पावणारा भुंगा धोका नव्हे.

या रीतीची खरी कसोटी झायगोग्रामाच्या वेळी लागली नाही, ती लागली एका पतंगाच्या वेळी. एपिब्लेमा स्ट्रेन्युआना नावाचा हा पतंग गाजर गवताच्या पानांवर अंडी घालतो, अळी खोडात शिरते, तेथे गाठ येते आणि झाड खुरटते. ऑस्ट्रेलियात तो १९८२ मध्ये सोडला गेला आणि तेथील यशस्वी कीटकांत गणला जाऊ लागला. साहजिकच आपल्याकडेही तो आणला गेला. आणि बंगळूरच्या विलगीकरण कक्षात त्याने कारळ्यावर आपले जीवनचक्र पूर्ण केले.

कारळे! ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने या पिकाला काडीचे महत्त्व नव्हते. पण आपल्याकडे नाशिक, पालघर, कोकणच्या वरकस जमिनींपासून ओडिशा आणि छत्तीसगडच्या डोंगरउतारांपर्यंत, जेथे दुसरे तेलबियांचे पीक धड येत नाही तेथे कारळे येते, ज्याला आपल्याकडे खुरासणीही म्हणतात. ज्याच्या घरात भाकरीबरोबर कारळ्याची चटणी असते, त्याला ते पीक किती मोलाचे ते सांगावे लागत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला यशस्वी ठरलेला, तयार, सिद्ध झालेला कीटक भारताने नाकारला आणि ती वसाहत नष्ट केली. त्या निर्णयाचा कोठे सत्कार झाला नाही. जे घडलेच नाही त्याची बातमी होत नाही. पण आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर या नाकारण्यात आहे, कोणत्याही यशोगाथेत नाही. दुसऱ्या देशाची तपासणी ही आपल्या तपासणीची सुरुवात असते, तिची जागा ती घेऊ शकत नाही, कारण प्रत्येक देशाचे शेत वेगळे, ताट वेगळे.

या नकाराचा उपयोग पुढे तिसऱ्याच देशाला झाला. इथिओपियात कारळ्याला ‘नूग’ म्हणतात, आणि तेथे ते मुख्य तेलबियांपैकी एक आहे, खरे तर त्या पिकाचे मूळ घरच ते. गाजर गवताने तेथील ज्वारीची शेते आणि कुरणे व्यापल्यावर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी विद्यापीठांच्या साह्याने तेथे प्रकल्प सुरू झाला, अंबो येथे विलगीकरण प्रयोगशाळा उभी राहिली आणि प्रत्येक उमेदवार कीटकापुढे सर्वांत आधी नूग ठेवले गेले. झायगोग्रामा आणि खोड पोखरणारा लिस्ट्रोनोटस हा सोंडा त्या परीक्षेत उतरले, आणि २०१६ च्या सुमारास ते तेथे सोडले गेले. दक्षिण आफ्रिकेने हेच दोन कीटक ऑस्ट्रेलियाकडून नेऊन, स्वतःच्या पिकांवर तपासून २०१३ मध्ये सोडले होते, आणि पुढे पाकिस्ताननेही लिस्ट्रोनोटस दक्षिण आफ्रिकेकडूनच घेतला. मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, भारत, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया, पाकिस्तान: ही साखळी कोणत्याही एका करारात लिहिलेली नाही. प्रत्येकाने आपल्या चाचण्यांचे निकाल, वाईट निकालांसह, प्रसिद्ध केले, म्हणून ती तयार झाली.

तरीही झायगोग्रामाच्या बाबतीत वाद झालाच, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९९१ च्या सुमारास कर्नाटकात काही ठिकाणी हे भुंगे सूर्यफुलाची पाने खाताना आढळले. वर्तमानपत्रांत गहजब झाला, केंद्राने चौकशी समिती नेमली आणि भुंगे सोडण्याचे काम काही वर्षे थांबले. पुढील अभ्यासातून निघालेले स्पष्टीकरण असे, की गाजर गवताच्या दाट रानाला लागून असलेल्या सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण साचले होते, आणि त्या परागकणांमुळे भुंगा पान कुरतडायला प्रवृत्त झाला. आजूबाजूचे गवत फस्त झाल्यावर उपाशी भुंग्यांचा थवा शेजारच्या बांधावर चढणे हेही स्वाभाविक होते. सूर्यफुलावर त्याची पिढ्यान्‌पिढ्या वाढ झाली नाही, आणि गेल्या चाळीस वर्षांत तो सूर्यफुलाची कीड म्हणून कोठेही नावारूपाला आलेला नाही. समितीचा निष्कर्ष भुंग्याच्या बाजूने गेला. मात्र मला त्या प्रकरणातून असेही वाटले, की आमच्या मंडळींनी ‘सूर्यफुलाला अजिबात तोंड लावणार नाही’ असे छातीठोकपणे सांगायला नको होते. ‘कडेचे पान चाखेल, पण त्यावर नांदणार नाही’ असे आधीच सांगितले असते तर शेतकऱ्याचा विश्वास टिकला असता.

यातला विरोधाभास पुढे उघड झाला. ज्या सूर्यफुलाच्या काळजीने भुंगे थांबवले, त्या सूर्यफुलावर १९९७ पासून शेंडा करपण्याचा विषाणूजन्य रोग दिसू लागला, ज्याला शास्त्रात नेक्रोसिस म्हणतात. तो पसरवणारा तंबाखू स्ट्रीक विषाणू गाजर गवतात काहीही लक्षणे न दाखवता राहतो, त्याच्या परागकणांबरोबर उडतो आणि फुलकिड्यांच्या चावण्यातून सूर्यफुलात शिरतो. २००० च्या खरिपात आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात याच विषाणूने भुईमुगाची दैना केली. म्हणजे सूर्यफुलाचा शत्रू भुंगा नव्हता, बांधावर राखलेले गवतच होते. मराठवाड्यात सूर्यफुलाचे क्षेत्र ज्यांनी घटताना पाहिले आहे, त्यांनी इतर कारणांबरोबर बांधावरच्या गवताकडेही पाहावे, अशी माझी विनंती आहे.

भुंग्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण त्याच्याकडून नको ती अपेक्षा कराल. तो पावसाळ्याचा गडी आहे. जून ते ऑक्टोबर त्याची भूक मोठी असते, आणि अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिनाभर पुरतो. हिवाळा लागला की तो जमिनीत शिरून निद्रिस्त होतो, काही तर श्रावणापासूनच शिरू लागतात, आणि पुढच्या पावसापर्यंत बाहेर येत नाहीत. आपल्याकडे मात्र कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर गाजर गवत बारा महिने उगवते, फुलते, बी टाकते. म्हणून एकट्या भुंग्याने गाव मुक्त होत नाही. बी पोखरणारा स्मिक्रोनिक्स हा सोंडा त्याच्या जोडीला असावा म्हणून तोही १९८३ मध्ये आणला होता, पण प्रयोगशाळेत त्याची पैदास जमली नाही. खुद्द क्वीन्सलँडमध्येही झायगोग्रामा १९८० मध्ये सोडल्यावर जवळपास दहा वर्षे नगण्यच राहिला आणि मग एकाएकी वाढला. या क्षेत्रात तीन वर्षांच्या प्रकल्पाचा अहवाल मागणाऱ्या अधिकाऱ्यापुढे काय लिहावे, हा आमच्या सगळ्यांच्या डोक्याला कायमचा ताप आहे.

अपयशे याहून ठसठशीत आहेत. मायकेनिया ही वेल केरळच्या आणि आसामच्या बागायतींना वेढून टाकते. तिच्यासाठी त्रिनिदादचा तांबेरा इंग्लंडमार्गे आणून २००५-०६ मध्ये दोन्ही राज्यांत सोडला. तो टिकला नाही. तोच तांबेरा तैवान आणि पापुआ न्यू गिनीत छान रुजला. याउलट सर्वांत जुने यश चुकीतून मिळाले. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग देणारा कोचिनिअल किडा हवा होता, ब्राझीलहून आला तो भलताच भाऊबंद. रंग मिळाला नाही, पण त्याने एका जातीचा निवडुंग फस्त केला. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या दुसऱ्या जातीने फड्या निवडुंगाची रानेच्या राने संपवली. गावाभोवतालची निवडुंगाची कुंपणे एकाएकी पांढरी होऊन कोसळल्याचे मी लहानपणी आजीकडून ऐकले होते. तो कापसासारखा पांढरा थर म्हणजे तोच किडा.

आता तिसरी शंका, इतरांना यात रस का. कारण आज आपण त्यांच्याकडून घेतो, उद्या त्यांना आपल्याकडून घ्यावे लागते. आपल्या बांधावरची बाभूळ, जिच्या सावलीत गुरे बसतात, जिचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात पडतो, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांना सावली आणि चारा मिळावा म्हणून क्वीन्सलँडला नेली गेली. आज तिने तेथील साठ लाखांहून अधिक हेक्टर गवताळ प्रदेशावर काट्यांचे रान माजवले आहे. त्यामुळे २००८ पासून क्वीन्सलँडचे शास्त्रज्ञ कोइमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्षपैदास संस्थेबरोबर तामिळनाडू आणि कर्नाटकातल्या बाभळी चाळू लागले, आणि त्यांच्या फांद्या, शेंगा, साल यांवर कोणते कीटक आहेत ते टिपू लागले. त्यांची अडचण आपल्या कारळ्यासारखीच आहे. ऑस्ट्रेलियात बाभळीच्या जवळच्या नात्यातल्या शेकडो स्थानिक जाती आहेत, आणि त्यांतल्याच एकीचे फूल हे त्यांचे राष्ट्रीय फूल. बाभूळ खाणारा पण तिच्या बहिणींना न शिवणारा किडा शोधणे सोपे नाही.

आपल्याकडून गेलेल्यांची यादी तशी मोठी आहे. फ्लोरिडाच्या तळ्यांत माजलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीवर १९८७ मध्ये सोडलेली माशी भारतातून नेलेली होती. ब्रिटनमधल्या नद्यांच्या काठी हिमालयातला तेरडा वेड्यासारखा पसरला आहे. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, तिकडे तो १८३९ पासून उतरायचे नाव घेत नाही. त्याच्यावर २०१४ पासून वापरला जाणारा तांबेरा भारतीय हिमालयातून, भारतीय संस्थांच्या परवानगीने आणि सहभागाने नेला गेला.

या देवाणघेवाणीत अलीकडे कायद्याचा भाग वाढला आहे. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर प्रत्येक देश आपल्या जीवसंपत्तीचा धनी ठरला, आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आले, आणि जीवसंपत्तीच्या वापरातून होणाऱ्या लाभाच्या वाटपाविषयीचा, २०१० मध्ये स्वीकारलेला नागोया प्रोटोकॉल २०१४ मध्ये अमलात आला. आमच्यापैकी अनेकांची तक्रार अशी, की पूर्वी पत्रावर मिळणारा किडा आता दोन-दोन वर्षे कागदांत अडकतो, आणि जैविक नियंत्रणात नफा कोणालाच नसताना लाभवाटपाचा प्रश्न येतोच कुठे. तक्रारीत तथ्य आहे. तरी मी पूर्णपणे त्या बाजूची नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या संस्थेला लढून १९९७ मध्ये रद्द करून घ्यावे लागले, हे ज्यांनी पाहिले त्यांना पहारेकरी नको असे म्हणता येत नाही. पहारेकऱ्याला शत्रू-मित्र ओळखायला शिकवावे, एवढेच म्हणता येते. कीटकांना अर्थात यातले काही ठाऊक नसते. भारतात सोडलेला झायगोग्रामा २००९ मध्ये नेपाळात हेटौडाजवळ आढळला, त्याआधीच तो पाकिस्तानातही पोहोचला होता, आणि दोन्हीकडे त्याला कोणी नेले नव्हते. तणाचा प्रश्न शेजाऱ्यांना विचारून सोडवावा लागतो, तो याच कारणाने. त्या वेळी काठमांडूच्या संशोधकांना हवी असलेली बहुतेक माहिती बंगळूर आणि जबलपूरच्या प्रसिद्ध लेखांत आधीच होती.

आपल्या गायरानाबद्दल माझा सल्ला असा. भुंगे विकत घेऊ नका. आषाढात शेजारच्या गावी जेथे गाजर गवताची पाने जाळीदार झालेली दिसतील तेथून, सकाळी दव असताना, जेव्हा भुंगा सुस्त असतो, रुंद तोंडाच्या बरणीत गाजर गवताच्या फांद्यांसह ते गोळा करा, तोंडाला फडके बांधा आणि त्याच दिवशी आपल्या रानात एका ठिकाणी किमान पाचशे सोडा. दहा ठिकाणी पन्नास-पन्नास सोडले तर नर-मादीची गाठ पडायला अडचण होते. त्या तुकड्यावर दिवाळीपर्यंत तणनाशक मारू नका आणि पुढच्या पावसापर्यंत नांगरही घालू नका, कारण कोष आणि झोपलेले भुंगे मातीत वरच्या थरातच असतात. बाकीच्या भागातले गवत फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा; फुले आलेले झाड उकिरड्यात टाकले तर पुढच्या वर्षी तेच शेणखताबरोबर शेतात येईल. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचे बी फेका. पावसाळ्यात तो दाट उगवून गाजर गवताला वर येऊ देत नाही, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो.

सूर्यफूल पेरणार असाल तर बांधापासून निदान आठ-दहा मीटरपर्यंत गाजर गवत फुलू देऊ नका. भुंगे सोडल्याचा दिवस, जागा आणि अंदाजे संख्या वहीत लिहा, आणि पुढच्या मृगानंतर त्याच जागी पाच झाडे मुळापासून शेंड्यापर्यंत तपासून किती अंडी, किती अळ्या, किती भुंगे ते नोंदवा. शून्य आले तर शून्य लिहा, आणि ती वही तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवा.